डिस्क रिकामी, डेटाबेस भरलेला: एका जिनिंगमधल्या वजनकाट्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावाबाहेर एक जिनिंग-प्रेसिंग आहे, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना. नाव-गाव सांगत नाही, मालकांनी लिहायची परवानगी त्याच अटीवर दिली. मी जिल्ह्याच्या गावी राहतो आणि अशा सहा-सात जिनिंगचं कॉम्प्युटरचं काम बघतो. प्रिंटर अडकण्यापासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरपर्यंत जे पडेल ते.

कापसाची गाडी फाटकातून आत आली की आधी भरला काटा होतो. मग ती गंजीकडे जाते, कापूस उतरतो आणि बाहेर पडताना रिकामा काटा होतो. दोन्हीतला फरक म्हणजे शेतकऱ्याच्या मालाचं वजन. पावती त्यावरच निघते, चुकारा त्यावरच होतो. काट्याच्या खोलीत एक साधा कॉम्प्युटर, त्यावर काट्याचं सॉफ्टवेअर आणि त्याखाली नोंदी साठवायला मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस या डेटाबेसची २०१४ ची आवृत्ती. एक्सप्रेस फुकट मिळते, म्हणून लहान सॉफ्टवेअरवाले बहुधा तीच देतात. या आवृत्तीत एका डेटाबेसच्या डेटा फाइलला १०,२४० एमबीची, म्हणजे १० जीबीची मर्यादा आहे. डिस्क केवढीही असो, फाइल त्यापुढे वाढत नाही.

प्रत्येक काट्याला गाडीचा फोटो निघतो आणि तो वजनाच्या नोंदीसोबत डेटाबेसमध्येच बसतो. पहिले चार हंगाम एकच जुना कॅमेरा होता. गाडीमागे दोन फोटो, प्रत्येकी ४० केबीच्या आसपास. हंगामाला साधारण १ जीबी भरायची. २०२४ च्या दसऱ्याला मालकांनी दोन नवे कॅमेरे बसवले, एक समोरून नंबरप्लेटसाठी आणि एक वरून ट्रॉलीतला माल दिसावा म्हणून. फोटो एकदम चकाचक. गाडीमागे आता चार, प्रत्येकी २०० केबीचा. बसवणारा माणूस वायर ओढून, मोबाइलवर चित्र दाखवून निघून गेला. मला कॅमेरे दिसले ते नोव्हेंबरात, प्रिंटरच्या कामाला गेलो तेव्हा. "मस्त दिसते जी," एवढंच मी म्हणालो.

अडचण

१३ जानेवारी २०२५, भोगीचा दिवस. बरेच शेतकरी संक्रांतीपर्यंत कापूस घरात ठेवतात, त्यामुळे त्या आठवड्यात यार्डात पाय ठेवायला जागा नसते. सकाळी पावणेअकराला काट्यावरच्या पोराचा फोन आला.

"भाऊ, वजन दिसून रायलं, पन सेव्हच नाई होऊन रायलं. लाल पट्टी येते नुसती."

पट्टीवर काय लिहिलंय त्याचा फोटो मागवला. त्रुटी क्रमांक ११०५, प्रायमरी फाइलग्रुपमध्ये, म्हणजे डेटाबेसच्या मुख्य फाइलीत, जागा नाही. पोरगं हुशार, त्यानं आधीच डिस्क पाहिली होती. "१८० जीबी खाली हाये भाऊ, मंग जागा कशी नाई?" सर्व्हरच्या त्रुटींच्या नोंदवहीत १८२७ हा दुसरा क्रमांक सापडला, तेव्हा उलगडा झाला. तो परवान्यातली १०,२४० एमबीची मर्यादा ओलांडली जात असल्याचा असतो.

सॉफ्टवेअर वजन आणि फोटो एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे दोन्ही किंवा काहीच नाही अशा एका व्यवहारात, लिहितं. फोटो बसला नाही की वजनाची नोंदही मागे फिरते. रचना म्हणून ते बरोबरच आहे, पण त्या सकाळी त्याचा अर्थ असा होता की काटा बंद. ११ गाड्या भरला काटा करून आत गेलेल्या, त्यातल्या काही रिकाम्या होऊन परत काट्याशी उभ्या, आणि फाटकाबाहेर रांग. एका ट्रॅक्टरचा भरला काटा ४,८६० किलो नोंदलेला होता. ट्रॉली रिकामी झालेली, वजन दाखवणाऱ्या डब्यावर २,९१५ दिसत होतं, आणि कॉम्प्युटर ते घेत नव्हता. ट्रॅक्टरवाला खिशातल्या पावतीकडे आणि त्या लाल आकड्याकडे आळीपाळीनं पाहत उभा होता. ऐन सणाच्या दिवशी घरी जायचं होतं त्याला.

पहिला निर्णय: फोटो बंद करायचा का?

सॉफ्टवेअरमध्ये फोटो बंद करायची एक टिचकी आहे. वजनाची नोंद इवलीशी असते, डेटा फाइलच्या अर्धवट भरलेल्या पेजेसमध्ये (पानांमध्ये) तशा नोंदी काही काळ मावल्या असत्या. मी गाडीत बसता बसता मालकांना तेच सुचवलं. त्यांनी साफ नकार दिला.

"काटा बंद ठेवीन, पन बिगरफोटोचा काटा नाई करत."

त्यांचंही खरं होतं. भरल्या काट्याला गाडीवर एखादा माणूस बसून राहिला आणि रिकाम्याच्या वेळी हळूच उतरला, तर त्याचं वजन कापसात धरलं जातं. त्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. त्या भावानं ६० किलोचा माणूस साडेचार हजारांना पडतो. दोन वर्षांपूर्वी असा एक वाद त्यांच्याकडे पार पोलीस ठाण्यापर्यंत गेला होता आणि फोटोमुळेच मिटला.

मी वाद घातला नाही. ठरलं असं की मी पोचेपर्यंत दिवाणजींनी जुन्या पावतीपुस्तकावर कच्च्या पावत्या करायच्या, वजन डब्यावरून वाचायचं आणि आकड्यावर शेतकऱ्याची सही घ्यायची. शेतकऱ्यांना ते फारसं पटलं नाही. हातानं लिहिलेल्या आकड्यावर कोण विश्वास ठेवतो! आता वाटतं, मी तासाभरासाठी अडून बसायला हवं होतं. फोटो मोबाइलवर काढता आले असते, काटा चालू राहिला असता आणि मालकांची अटही पाळली गेली असती. त्या वेळी दोघांच्याही डोक्यात ते आलं नाही.

जागा नेमकी कुठे गेली

पोचायला सव्वा तास लागला. आधी कोणतं टेबल किती जागा खातं ते काढलं. चार हंगामांचे जुने फोटो ४.२ जीबी. चालू हंगामाचे, फक्त ५९ दिवसांचे, ५.६ जीबी. एका भलत्याच नावाच्या टेबलात ३१० एमबी, त्याचं पुढे सांगतो. उरलेलं सगळं, म्हणजे शेतकऱ्यांची यादी, चुकारे, पावत्या आणि साडेचार वर्षांची वजनं मिळून, ९० एमबीच्या आसपास.

एसक्यूएल सर्व्हर डेटा फाइल ८ केबीच्या पेजेसमध्ये कापतो. आठ पेजेस मिळून ६४ केबीचा एक तुकडा होतो. १०,२४० एमबी म्हणजे १३,१०,७२० पेजेस, आणि त्या डेटाबेसचा जन्मभराचा कोटा तेवढाच. वजनाची एक नोंद साधारण २०० बाइटची, एका पेजमध्ये अशा चाळीसेक मावतात. २०० केबीचा फोटो ओळीत मावत नाही, तो वेगळ्या पेजेसवर जातो आणि २६ पेजेस अडवतो. एका फोटोच्या जागेत हजारभर काटे बसले असते. दिवसाला सरासरी १२० गाड्या आणि गाडीमागे ८०० केबी धरले तर रोजचे ९६ एमबी. हंगाम सुरू झाला तेव्हा ५,६४० एमबी शिल्लक होते. भागाकार केला तर ५९ दिवस येतात. ५ नोव्हेंबरपासून रविवार सोडून मोजले, तर १३ जानेवारी हा साठावा दिवस. हे गणित दसऱ्यालाच कागदावर करता आलं असतं. कॅमेरा बसवणाऱ्याला डेटाबेस ठाऊक नव्हता आणि मला फोटो किती केबीचा निघतो ते विचारायचं सुचलं नव्हतं.

काट्यावरच्या पोराची एक जुनी तक्रारही त्याच वेळी सुटली. "सेव्ह करताना दोन-तीन सेकंद अडकते," असं तो कधीपासून म्हणत होता. फाइल वाढायचं माप १ एमबी होतं, त्या आवृत्तीत न बदलता ठेवलं तर तेवढंच असतं. म्हणजे दहा जीबीपर्यंत पोचायला फाइल दहा हजार वेळा थोडी थोडी वाढली होती, तीही साध्या फिरत्या हार्ड डिस्कवर. या हंगामात तर जवळपास प्रत्येक गाडीला एकदा.

बॅकअपनं दिलेला घाम

काहीही पुसायच्या आधी मी बॅकअप मागितला. रोज रात्री बॅकअप निघत होता, तो त्याच डिस्कच्या दुसऱ्या भागात जाई, आणि तिथून एक छोटी स्क्रिप्ट तो पेनड्राइव्हवर टाकी. पेनड्राइव्ह उघडला तर त्यातली शेवटची पूर्ण फाइल जानेवारी २०२४ ची. बरोबर एक वर्ष जुनी.

पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला होता आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. मागच्या हंगामात बॅकअप त्या रेषेपलीकडे गेला, त्या रात्रीपासून कॉपी फसत होती. काळी खिडकी उघडायची, क्षणात बंद व्हायची, आणि रात्री तिथं बघायला कोण असतं? स्क्रिप्ट मीच लिहिलेली. कॉपी झाली की नाही हे तपासणारी एक ओळ त्यात नव्हती.

म्हणून बाहेर रांग असतानाही पहिला पाऊण तास मी काटा सुरू करायच्या मागे लागलोच नाही. ताजा बॅकअप घेतला, बाहेरच्या हार्ड डिस्कवर टाकला आणि तिथून माझ्या लॅपटॉपवर खरोखर रिस्टोअर करून, म्हणजे त्यातून डेटाबेस पुन्हा उभा करून पाहिला. मालक दोनदा दारात येऊन गेले. "अजून किती, दादा?" रिस्टोअरला वाटलं त्यापेक्षा जास्त वेळ लागला, कारण ट्रान्झॅक्शन लॉगची, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी, फाइल १४ जीबीची होती. रिस्टोअर करताना तीही तेवढ्याच मापाची, शून्यं भरून नव्यानं बनते. डेटाबेस फुल रिकव्हरीवर (लॉगचा बॅकअप होईपर्यंत त्यातलं काही न पुसण्याच्या पद्धतीवर) आणि लॉगचा बॅकअप कधीच नाही, असं झालं की लॉग फुगतच जातो. १० जीबीच्या मर्यादेत लॉग धरत नाहीत, म्हणून तो इतके दिवस कोणाला टोचला नव्हता.

पाऊण तास योग्य खर्च झाला का, यावर माझं आणि मालकांचं अजून एकमत नाही. मी पुन्हाही तेच करीन.

कोणते पर्याय होते

जुने फोटो पुसणे हा सगळ्यात सोपा दिसणारा मार्ग. पहिले तीन हंगाम काढले तर फाइलच्या आत ३ जीबी मोकळी झाली असती, नव्या कॅमेऱ्याच्या वेगानं जेमतेम महिनाभराची सोय. शिवाय जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. फोटो त्यात मोडतात की नाही हे ठरवणं माझं काम नव्हे. वजनाचा पुरावा म्हणून मालक फोटोच दाखवतात, तेव्हा सीएला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही असं ठरवलं.

फाइल श्रिंक करा, म्हणजे आकसवा, असा सल्ला एका ओळखीच्यानं फोनवर दिला. पण फाइलच्या आत रिकामं असेल तर श्रिंक ते बाहेर टाकणार. इथं आत खच्चून भरलेलं. पिळायला पाणीच नव्हतं.

दुसऱ्यानं कॉम्प्रेशन सुचवलं. फुकट आवृत्तीत पेज कॉम्प्रेशन आलं ते २०१६ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून, आणि ओळीबाहेर ठेवलेल्या फोटोला ते लागत नाही. जेपेग तर आधीच दाबलेला असतो.

सॉफ्टवेअरवाल्यांचं म्हणणं, "नवीन वर्ष" काढा, कोरा डेटाबेस तयार होतो. झाला असता पाच मिनिटांत. पण पावतीचे क्रमांक पुन्हा एकपासून सुरू झाले असते आणि अर्ध्या शेतकऱ्यांचे चुकारे बाकी होते. दिवाणजींनी नुसतं ऐकूनच हात जोडले. पैसे भरून मोठी आवृत्ती घ्यायची, यावर मालकांनी किंमत ऐकून विषय बदलला. फोटो डिस्कवर फाइल म्हणून ठेवून डेटाबेसमध्ये फक्त पत्ता ठेवायचा, हा माझ्या मते खरा इलाज. पण सॉफ्टवेअर त्यांचं, आणि ते हंगाम संपल्यावर बघू म्हणाले. फाइलस्ट्रीम नावाची एक सोय याच सर्व्हरमध्ये आहे, तिच्यातला माल १० जीबीत धरत नाहीत. तिच्यासाठी टेबलाची रचना बदलावी लागते, सर्व्हिस बंद-चालू करावी लागते. ऐन हंगामात ते धाडस नको वाटलं.

उरला एक. मर्यादा एका डेटाबेसला आहे, सर्व्हरला नाही. फोटोंसाठी शेजारी दुसरा डेटाबेस उघडायचा आणि सॉफ्टवेअरला ते कळूच द्यायचं नाही.

काय केलं

त्या दुपारी फक्त दोन गोष्टी केल्या. ते ३१० एमबीचं भलत्याच नावाचं टेबल म्हणजे सॉफ्टवेअरच्या एका जुन्या अपडेटनं मागे टाकलेली नक्कल होती. सॉफ्टवेअरवाल्यांना फोनवर विचारून, बॅकअप हातात असल्यानं, ते उडवलं. मग कॅमेऱ्याची सेटिंग बदलली, रुंदी १,९२० वरून १,२८० पिक्सेलवर आणि दर्जा खाली. फोटो ६० केबीवर आला. एक टेम्पो काट्यावर थांबवून नंबर वाचता येतो का ते पाहिलं, स्पष्ट येत होता. वरच्या कॅमेऱ्यात तसाही फरक पडत नव्हता. भर दुपारी पांढरा कापूस उन्हात इतका चमकतो की २०० केबीतही नुसता पांढरा ढीगच दिसतो. मग काटा सुरू झाला. कच्च्या पावत्यांची वजनं संध्याकाळी दिवाणजींनी चढवली, फोटोच्या जागी शेरा टाकून.

रोजचे ९६ एमबी आता २९ वर आले. मोकळे झालेले ३१० एमबी दहा दिवस पुरणार होते. म्हणूनच त्या रात्री घाई करायची नाही, रविवारपर्यंत थांबायचं असं ठरवलं. या प्रकरणातला सगळ्यात फायद्याचा निर्णय मी हाच धरतो. मालकांना रात्रीच सगळं उरकायचं होतं.

मधल्या दिवसांत लॅपटॉपवर दोनदा रंगीत तालीम केली. पहिल्या खेपेला फोटोचं टेबल दुसऱ्या डेटाबेसमध्ये बनवून मूळ नावाचा सिनॉनिम, म्हणजे तिकडे बोट दाखवणारं टोपणनाव, ठेवला. नवे फोटो नीट गेले, पण मागच्या वर्षीची पावती उघडली तर फोटोची चौकट कोरी. काट्यावर थेट केलं असतं तर दुसऱ्या दिवशी "जुने फोटो उडाले" म्हणून बोंब झाली असती. दुसऱ्या खेपेला जुन्या टेबलाचं नाव बदललं आणि मूळ नावाचा व्ह्यू, म्हणजे टेबलासारखं दिसणारं आभासी टेबल, बनवला. वाचताना तो जुनं-नवं दोन्ही जोडून दाखवतो, लिहिताना त्यावरचा ट्रिगर, म्हणजे आपोआप चालणारा छोटा कोड, फोटो नव्या डेटाबेसकडे वळवतो. फोटोच्या टेबलाची किल्ली पावती क्रमांक आणि फोटोचा क्रम अशी होती, आपोआप वाढणारा आकडा नव्हता, म्हणून हे जमलं. पावती आणि फोटो यांच्यातली फॉरेन की, म्हणजे पावतीशिवाय फोटो राहू न देणारी गाठ, मात्र सोडून द्यावी लागली, दोन डेटाबेसमध्ये ती बांधता येत नाही.

१९ जानेवारीच्या रविवारी दोन तासांत हेच काट्यावर केलं. नवी फाइल सुरुवातीलाच ४ जीबीची कापून ठेवली आणि वाढीचं माप २५६ एमबी. लॉग सिम्पल रिकव्हरीवर, म्हणजे जुन्या नोंदींची जागा आपोआप मोकळी होईल अशा पद्धतीवर, आणून त्याची फाइल १ जीबीवर आणली. सोमवारी सकाळी पोराचा फोन आला तेव्हा पोटात गोळाच आला. पण तो म्हणाला, "भाऊ, आता टिचकी मारली का लगेच सेव्ह होते."

निष्पत्ती

हंगाम मार्चअखेर संपला, काटा पुन्हा अडला नाही. नव्या डेटाबेसमध्ये तोवर पावणेदोन जीबी फोटो जमले होते.

एक मोठी चूक मात्र माझ्याकडून झाली. रात्रीचा बॅकअप जुन्याच डेटाबेसचा निघत राहिला, नव्याचं नाव स्क्रिप्टमध्ये घालायचं राहिलं. २९ जानेवारीला सहज पाहताना लक्षात आलं. नऊ दिवसांचे फोटो एकाच डिस्कवर, कुठंही दुसरी प्रत नाही. नशीब, डिस्क टिकली. तेव्हापासून दोन्ही डेटाबेस एकाच स्क्रिप्टमधून, एकापाठोपाठ निघतात, मोठ्या फाइली मावणाऱ्या एनटीएफएसवाल्या बाहेरच्या डिस्कवर जातात, आणि कॉपीचं माप जुळलं नाही तर मालकांच्या मोबाइलवर मेसेज येतो. मला नको, मालकांना हवा. मी फोन सायलेंटवर ठेवतो.

एप्रिलमध्ये निवांतपणे उरलेलं काम केलं. नोव्हेंबर ते जानेवारीचे फोटो त्या नव्या डेटाबेसमध्ये हलवले, आधीच्या चार हंगामांचे आणखी एका वेगळ्या डेटाबेसमध्ये, आणि व्ह्यूमध्ये तेही जोडले. जुन्या टेबलातून पाचशे-पाचशेच्या घासांनी पुसले, एकदम पुसले असते तर लॉग पुन्हा फुगला असता. मग मूळ फाइल श्रिंक केली. हो, श्रिंकच. रोज सवयीनं करायची ती गोष्ट नव्हे, त्यात पेजेस शेवटाकडून उचलून पुढं कोंबली जातात आणि इंडेक्स, म्हणजे शोधायच्या सूची, विस्कटतात. पण १० जीबीच्या फाइलीत खरा माल ९० एमबी उरलेला असताना एकदा करून, लगेच इंडेक्स पुन्हा बांधले तर काही बिघडत नाही. रिकव्हरी परत फुलवर नेली, या वेळी दर तासाला लॉगच्या बॅकअपसह. एक्सप्रेसमध्ये वेळापत्रक सांभाळणारा एजंट नसतो, म्हणून ते विंडोजच्या टास्क शेड्युलरकडून करून घेतलं. २०१४ च्या आवृत्तीचा आधार कंपनीनं जुलै २०२४ मध्येच बंद केला होता, ती बदलायचं काम अजून बाकी आहे.

वेगळं काय करता आलं असतं

कॅमेरे दिसले त्याच दिवशी एका फोटोचं माप बघायला दहा सेकंद लागले असते. आता माझ्या सगळ्या जिनिंगमध्ये महिन्यातून एकदा डेटा फाइल किती भरली तो आकडा काट्यावरचं पोरगं वहीत लिहून फोटो पाठवतं. सात हजार एमबीवर गेला की मी गाडी काढतो.

व्ह्यू आणि ट्रिगरची ही जोडणी सॉफ्टवेअरवाल्यांना मान्य नाही, आणि त्यांचं पुढचं अपडेट येईल तेव्हा ती तुटू शकते. मालकांना हे लेखी दिलं आहे. त्यांनी कागद वाचला, घडी करून गल्ल्यात ठेवला.

फोटो किती वर्षं ठेवायचे हे अजून ठरलेलं नाही. सीए म्हणतात तुमच्या सोयीनं ठेवा. मालकांना एप्रिलपासून तीनदा विचारलं, तिन्ही वेळा उत्तर एकच. "राहू द्या जी, कोनाच्या पोटात दुखते?"